जसंच्या तसं

एर्मेस मोरासीनं बसमधून उतरलेल्या बाईची पिशवी हातात घेण्याआधी तिला मुलीची जन्मतारीख विचारली.

बाई रोमानियातून आली होती, अख्खा दिवस आणि अख्खी रात्र बसून. पाय सुजले होते, डोक्यावरचा रुमाल एका कानावर घसरला होता. इटलीतल्या उदिने स्टेशनमागच्या मैदानात बसच्या पोटातून खोकी उतरत होती, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि हा उंच, वाकलेला म्हातारा पुढ्यात उभा राहून तिच्याच भाषेत तिची परीक्षा घेत होता.

"अकरा ऑक्टोबर," ती म्हणाली.

"जन्मसमयी अंगावर काही चिन्ह?"

"डाव्या टाचेवर डाग. कॉफी सांडल्यासारखा."

"आणि आपल्या कथनास साक्षी कोण?"

बाईनं पिशवी खाली ठेवली. "साहेब, तुमच्या घरात आरसा आहे ना? तिला माझ्याशेजारी उभी करा आणि बघा. पण आधी मला घोटभर पाणी द्या."

एर्मेसचे कान लाल झाले. खरं तर त्यानं तिला बसच्या पायरीवरच ओळखलं होतं. तेच रुंद कपाळ, मधोमध जुळू पाहणाऱ्या त्याच भुवया, आणि अवघड पाऊल टाकताना खालचा ओठ दाताखाली धरायची तीच खोड. साबिना, त्याची मुलगी, अगदी अशीच जिना उतरायची. पण दिसलं म्हणून मानलं, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

धंदा शब्दांचा. उदिनेच्या आसपास जी फ्रिउलान भाषा बोलतात, तिच्या व्युत्पत्तिकोशात त्यानं हयात घालवली. तिथली रीत अशी, की प्रत्येक शब्दामागे दोन माणसं. एकानं शब्दाचं कूळ मांडायचं, दुसऱ्यानं विरोध करायचा. विरोधकाच्या शंका संपल्या की त्यानं सही करायची, त्याशिवाय शब्द छापखान्यात जायचा नाही. एर्मेस वर्षानुवर्षं विरोधक. कचेरीत त्याला पाठीमागे 'नन्नाचा पाढा' म्हणत, आणि तोंडावरही म्हणत. त्याचं म्हणणं एकच असायचं, चेहरे जुळले म्हणून नातं जुळत नाही. जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेरे' घ्या. दोन्हींचा अर्थ 'जवळ असणं', अक्षरंही जवळजवळ तीच. कुणीही म्हणेल, सख्खी भावंडं. पण रक्ताचा काडीचा संबंध नाही. त्या जर्मन शब्दाचा लॅटिनमधला खरा भाऊ म्हणजे 'पकडणं', आणि लॅटिन शब्दाचा जर्मनमधला भाऊ, बहुतेक, 'देणं'. हे 'बहुतेक'सुद्धा तो न चुकता म्हणायचा.

साबिना लहान असताना शाळेतून अशा जोड्या गोळा करून आणायची, बाकीची मुलं चित्रं काढून आणतात तशी. "बाबा, हे दोघं भाऊ?" आता पोरीचं मन म्हणून तरी माणूस एखाद्या वेळी 'हो' म्हणेल की नाही! छे. नसेल तर नाही. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणत, "मुलगी अगदी बापाच्या वळणावर गेलीय हो." त्यावर हा म्हणे, "योगायोग." त्याची बायको आल्दा टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची.

साबिना रोमानियातून दत्तक घेतलेली होती. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्याचं तिनं कधी फार काही मानलं नव्हतं. आल्दा गेली तेव्हाही नाही. पण आता साबिनाला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईच्या घराण्यात कुणाला साखर, कुणाला हृदयाचं दुखणं, कुणाला जुळी? साबिना दर वेळी 'माहीत नाही' म्हणाली आणि घरी येऊन शोधायला बसली. इंटरनेटवर अशा मुलांची मंडळं आहेत. थोड्याच दिवसांत आई सापडली. नाव पारास्कीवा, गाव डोंगराखाली, दोन गाई आणि एक गुडघा कामातून गेलेला.

"मला त्यांची भाषा येत नाही," साबिना म्हणाली होती. "मध्ये तू बस. पण बाबा, जसंच्या तसं सांगायचं हं."

"मी कधी काना-मात्रा बदललीय का?"

बोलताना आवाज ठीक होता. त्यानंतर मात्र त्याचं जेवणावरून मन उडालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाजवळ राहतं काय? त्याच्याजवळ एक मुलगी राहिली होती. ती आता रक्ताच्या आईला भेटणार, मग आपण कोण? सही-शिक्क्याचे वडील. साबिना आपली राहणार नाही, ही भीती त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही. मैदानात उभा राहून त्या दमलेल्या बाईची उलटतपासणी त्या भीतीपायीच चालली होती. एकतरी उत्तर चुकावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

गाडीत बसल्यावर त्यानं चूक सावरायचा प्रयत्न केला. "भगिनी, आपण क्षुधित आहात काय?"

पारास्कीवानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हे असं बोलायला कुठं शिकलात?"

"जुन्या ग्रंथांतून."

"वाटलंच. आमच्याकडे असं फक्त पाद्री बोलतात. तेही मयताला." मग सीटवर जरा सैलावून म्हणाली, "भूक आहे, पण पाठ आधी. घटकाभर जमिनीला पाठ टेकली की झालं."

जमिनीला ती 'पामिंत' म्हणाली, आणि एर्मेस सगळं विसरून खुलला. हाच शब्द इटलीत घराबाहेर पडलाच नाही, तो सांगू लागला. आमच्याकडे त्याचा अर्थ घरातली फरशी. तुमच्याकडे मात्र तो उंबरा ओलांडून शेतात गेला आणि माती झाला.

"म्हणजे तुमच्याकडे नुसती फरशीच? माती नाही?"

"आहे की. तिला वेगळा शब्द आहे. तो तुम्ही देशाला लावलात."

"बरं झालं," पारास्कीवा म्हणाली. "माती तरी हातात राहिली. देश कुणाच्या हातात असतो?"

एर्मेस हसला, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला. ही बाई आवडायला नको होती.

भेट एर्मेसच्याच घरी ठरली होती. साबिना वाढली ते हेच घर. दार तिनंच उघडलं, हातात पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं पिठलं, घोटायचा लाकडी दांडका तसाच. उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशा दोघी उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकदमच खालचा ओठ दाताखाली धरला. एर्मेसनं नजर बुटांकडे वळवली.

पारास्कीवानं मुलीच्या पोटाकडे हात नेला आणि अर्ध्यावर थांबवला. हळूच काहीतरी म्हणाली.

"'हात लावू का?'" एर्मेसनं सांगितलं.

दुभाष्यानं 'ती म्हणते, ती म्हणाली' करायचं नसतं. ज्याचं बोलणं, त्याचाच 'मी' आपल्या तोंडी घ्यायचा. एर्मेसला ही रीत पसंत होती, कारण तीत आपली मखलाशी घालायला जागा नसते. साबिनानं तो हात धरला आणि पोटावर ठेवला. कितीतरी वेळ दोघी तशाच उभ्या होत्या, आणि आत पोलेंता करपायला लागली.

जेवायला बसल्यावर पारास्कीवाचा चेहरा उजळला. "मामालिगा!"

"आम्ही पोलेंता म्हणतो," एर्मेस म्हणाला.

"नाव काहीही ठेवा. खाली लागलीय."

"'नाव काहीही ठेवा. खाली लागलीय,'" त्यानं मुलीला सांगितलं.

"बाबा! हे पण सांगायलाच हवं होतं का?"

"जसंच्या तसं म्हणालीस ना?"

तिघंही हसली. मग डॉक्टरीणबाईंचे प्रश्न निघाले. साखर आजीला होती. हृदयाचं कुणाला नाही. आजोबा नदीत बुडाले, पण तो आजार नव्हे, ती प्लमची दारू होती. जुळी फक्त गाईंना. एर्मेस दोन्हीकडून शब्द उचलत होता, ठेवत होता, आणि त्याला वाटू लागलं की हे एवढ्यावरच निभेल. बाई चार दिवस राहील, बाळंतविडा ठेवून जाईल, नाताळला फोन येत राहतील.

साबिनानं ताट बाजूला सारलं. "बाबा, यांना सांग, माझ्या मनात राग नाही. एकोणीस वर्षांच्या होत्या त्या, एकट्या होत्या. मला दिलं, ते मी समजू शकते."

"'माझ्या मनात राग नाही,'" एर्मेसनं रोमानियनमध्ये सांगितलं. "'आपण एकोणीस वर्षांच्या होतात, एकाकी होतात. आपण मला दिलंत, ते मी समजू शकते.'"

पारास्कीवानं काटा खाली ठेवला.

"दिलं? कुणी दिलं?"

एर्मेसनं हे मुलीला सांगायच्या आत ती पुढे बोलू लागली.

"मी नाही दिली. ठेवली होती. थंडीपुरती. घरात सरपण नव्हतं, छातीला दूध नव्हतं. बालगृहातली बाई म्हणाली, इथं ऊब आहे, वसंतात घेऊन जा. सही मागितली, केली. वसंतात गेले तर पाळणा रिकामा. मी म्हटलं, अहो, वसंतच तर आहे हा. ती म्हणाली, इटलीतली भली माणसं होती, रडू नकोस."

"काय म्हणाल्या?" साबिनानं विचारलं.

"थांब. मला नीट समजून घेऊ दे." तो पारास्कीवाकडे वळला. "ज्यावर आपण सही केलीत, त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"मला कुणी वाचून दाखवलं?"

"ती बाई कोण? तिचं नाव?"

"पांढरा कोट होता. पांढऱ्या कोटाला नाव विचारायची हिंमत कुणाला होती तेव्हा?"

"महिन्यात आपली गल्लत होत असावी. कदाचित मे असेल. आपल्याला उशीर झाला असेल."

"मार्चची पहिली तारीख," पारास्कीवा म्हणाली. "त्या दिवशी आम्ही पोरांच्या मनगटाला तांबडा-पांढरा दोरा बांधतो. मी दोरा घेऊन गेले होते, साहेब. तारीख चुकेन कशी?"

एर्मेसला हिशेब करायला बोटं लागली नाहीत. बाळाला आणलं तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, सरहद्दीवर बर्फ होतं, आणि मागच्या सीटवर आल्दा बाळाला मांडीवर घेऊन बेसूर गात होती. मार्च लागला तेव्हा बाळ याच स्वयंपाकघरात होतं. मध्ये आठवडासुद्धा गेला नव्हता.

"बाबा," साबिना म्हणाली, "वसंताचं काय?"

त्यानं दचकून पाहिलं.

"'प्रिमावारा' म्हणाल्या त्या, पुन्हा पुन्हा. आपली 'प्रिमावेरा' तीच ना? एका आईच्या पोटची. तूच शिकवलंयस. मला तेवढा एकच शब्द कळला, आणि त्यावर तुझा चेहरा उतरला. सांग ना, वसंतात काय झालं?"

सांगता आलं असतं. हवेचं बोलतायत, यंदा वसंत लवकर आला म्हणतायत. एक वाक्य, आणि सगळं होतं तसंच राहिलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच्या शंका संपल्या होत्या. विचारायचं होतं तेवढं विचारून झालं होतं, आणि बाईनं एकदाही चाचरत उत्तर दिलं नव्हतं. शंका संपल्यावर सही अडवून ठेवणाऱ्या माणसाला तो जन्मभर हलकट म्हणत आला होता.

"'मी तुला दिलं नव्हतं,'" एर्मेस म्हणाला. "'थंडीपुरतं ठेवलं होतं. सरपण नव्हतं, दूध नव्हतं. मला सांगितलं, वसंतात घेऊन जा. मी मार्चच्या पहिल्या तारखेला आले होते. तुझ्या मनगटाला बांधायला दोरा आणला होता. पाळणा रिकामा होता.'"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा पुरुष 'मी आले होते' म्हणत होता, आणि ते कुणालाच विचित्र वाटलं नाही.

साबिना उठली. नळ सोडला, हात नुसतेच धारेखाली धरले, नळ बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"आईला?"

"तिलाही नाही. पण साबिना, मी विचारलं नाही. कागद पुढे आले, त्यावर शिक्के होते, आणि तू आल्दाच्या हातात होतीस. एका एका शब्दासाठी मी लोकांना रडवलं, पुरावा आणा म्हणून. त्या दिवशी एक प्रश्न केला नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, अशी भीती वाटली."

"काय चाललंय?" पारास्कीवानं विचारलं.

त्यानं तेही सांगितलं, मुलीचे प्रश्न आणि स्वतःची उत्तरं, एक शब्द न गाळता. पारास्कीवानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला शिव्या दिल्यात. खूप वर्षं. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'तो इटलीचा' म्हणायचे. दर मार्चला शाप द्यायचे, त्याचे दात पडोत, एकेक करून पडोत."

"बाबा?"

"'मी त्या इटलीच्या माणसाला शाप देत होते. त्याचे दात पडोत, एकेक करून.'" एर्मेस थांबला. जिभेनं वरची कवळी जागेवर बसवली, आणि स्वतःच्या वतीनं म्हणाला, "लागला."

साबिनाला हसू फुटलं. ओले हात तोंडावर दाबून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. पारास्कीवाला काही उमगेना, तेव्हा एर्मेसनं ओठ वर करून दाखवला.

"देवा रे!" तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. "मी काय मनापासून म्हणत होते का?"

"मनापासूनच म्हणत असणार. वरचे सगळे गेले."

साबिनानं चेहरा पुसला. आपली खुर्ची ओढून ती दोघांच्या मध्ये आणली आणि बसली. पाठीमागे उशी घेतली, पोटावर हात ठेवला. मग पारास्कीवाकडे सरळ बघत बोलू लागली, सावकाश.

"बाळ झालं की तुम्ही इथं या. हवं तितकं राहा. मार्चमध्ये त्याच्या मनगटाला दोरा बांधा. तुमचं जे राहून गेलं, ते मला भरून देता येणार नाही. दिलं असतं, पण कुठून आणू? आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, मागाहून गैरसमज नको. हे माझे बाबा आहेत. मला ताप आला की उशाशी बसून शब्दांची कुळं सांगायचे, दुसऱ्या गोष्टी यांना येतच नव्हत्या. आज हे खोटं बोलले असते तर मला कधी पत्ता लागला नसता. नाही बोलले. कुणी मला परत त्या पाळण्यात ठेवलं आणि विचारलं, कुणाबरोबर जाशील, तर तुमच्याबरोबर जाईन म्हणेन, आणि यांना सोबत घ्या म्हणेन. यांना वगळून मी कुणाची नाही." ती एर्मेसकडे वळली. "सांग."

एर्मेसनं घसा खाकरला.

"'बाळ झालं की आपण इथं या. हवं तितकं राहा. मार्चमध्ये त्याच्या मनगटाला दोरा बांधा. आपलं जे राहून गेलं, ते मला भरून देता येणार नाही. दिलं असतं, पण कुठून आणू? आणि एक गोष्ट...'"

तो थांबला. पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.

"'हे माझे...'"

पुढचा शब्द सोपा होता. रोमानियन तान्ही पोरंही तो पहिल्या वर्षात बोलतात. त्या शब्दाचं कूळ त्याला तोंडपाठ होतं, आणि तोंडातून तो निघेना. त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बाकी काही नाही," तो रोमानियनमध्ये म्हणाला. "एवढंच बोलली."

"बाबा," साबिना म्हणाली, "एवढंसंच? मी तर केवढं बोलले."

पारास्कीवानं आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि टेबलावरून त्याच्यापुढे सरकवली.

"डोळे पुसा आधी," ती म्हणाली. "मग सांगा. सगळं सांगा, काही गाळू नका. माझी बस रविवारी आहे."